नेपाळमधील बालगृहात सेवेला जाणाऱ्या मंडळीच्या पथकासाठी मार्गदर्शन

परदेशात सेवेसाठी पथक पाठवावे असा विचार एखाद्या मराठी ख्रिस्ती मंडळीत निघाला, की नेपाळचे नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, रेल्वे आणि बसने जाता येते, लिपी देवनागरी असल्यामुळे दुकानांवरच्या पाट्याही वाचता येतात आणि तेथील ख्रिस्ती मंडळ्यांशी ओळख निघायला फारसा वेळ लागत नाही. अशा पथकाने एखाद्या बालगृहात जाऊन आठ-दहा दिवस सेवा करावी, ही कल्पना तर पंचमंडळापासून तरुण संघापर्यंत सर्वांनाच भावते. प्रथमच असे पथक नेणारे पाळक, पंच आणि कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील सर्व सूचनांमागे भूमिका एकच आहे: पाहुण्या पथकाने मुलांना वर्षभर सांभाळणाऱ्या माणसांना आणि त्या घराच्या व्यवस्थेला हातभार लावावा, मुलांना स्वतःचा लळा लावणे हे पथकाचे काम नाही.

पहिली पायरी: मुले तेथे कशी आली, हे समजून घ्या

नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुतांश मुलांचे आई-वडील, किंवा त्यांपैकी एक तरी, हयात आहेत. ही गोष्ट पथकातील प्रत्येकाला निघण्यापूर्वीच ठाऊक असली पाहिजे, कारण एकदा 'अनाथ' हा शब्द डोक्यात बसला की पुढचे सगळे वागणे त्यावर बेतले जाते.

१९९६ ते २००६ या काळात नेपाळमध्ये माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत शाळा बंद पडत होत्या आणि बंडखोर घराघरांतून मुलांची भरती करतील अशी धास्ती होती. अशा वेळी दलाल गावात येत, 'काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो' असे सांगत आणि आई-वडिलांकडून पैसे घेऊन मुले घेऊन जात. त्यांतील कित्येक मुलांचे आई-वडील वारल्याचे खोटे कागद तयार झाले आणि ती बालगृहांत पोहोचली. संघर्ष संपल्यावरही हा ओघ थांबला नाही, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला पैसा होता. नेपाळमधील बालगृहे सर्वांत गरीब जिल्ह्यांत नसून काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येते तो कास्की आणि चितवन या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत, म्हणजे जेथे पर्यटक जातात नेमके तेथे. पाहुणा येतो, मुलांत रमतो, हेलावतो, देणगी देतो. देणगी येत राहावी म्हणून मुले हवी असतात आणि मुले हवीत म्हणून दलाल पुन्हा डोंगर चढतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर याच भीतीने नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यावर निर्बंध घातले होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा आणि तिला खतपाणी घालणाऱ्या स्वयंसेवी पर्यटनाचा स्पष्ट उल्लेख केला.

सगळी बालगृहे अशी आहेत असे मुळीच नाही. अत्यंत निष्ठेने चालणारी घरेही तेथे आहेत आणि ज्यांना खरोखर कोणी नाही अशी मुलेही आहेत. परंतु पथकाने आपली गाठ कोणाशी पडणार आहे हे न तपासता जाणे म्हणजे या साखळीतील पाहुण्याची जागा आपणहून घेणे होय.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे समजायला तसे अवघड जाऊ नये. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांत आजोबा-आजी मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेले सापडतील. घरी गरिबी होती, गावात शाळा नव्हती, म्हणून आई-वडिलांनी मुलाला बोर्डिंगात ठेवले. त्यांना कोणी अनाथ म्हटले नाही आणि सुट्टी लागली की ते घरी जात. याउलट १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवा यांना पुणे जिल्ह्यातील केडगावी मिळालेला आसरा ही जीव वाचवण्याची बाब होती. या दोन प्रकारांतला फरक पथकाच्या पहिल्याच बैठकीत नीट समजावून सांगावा. याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे सत्ताविसावे वचन अशा बैठकीत हमखास वाचले जाते. तेथे अनाथांच्या शेजारीच विधवांचाही उल्लेख आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आईला आधार मिळाला तर पुष्कळदा मुलाला संस्थेची गरजच पडत नाही.

दुसरी पायरी: संस्था पारखून निवडा

ओळखीच्या पाळकांनी नाव सुचवले, एवढ्यावर संस्था निवडू नये. नेपाळमध्ये बालगृहांच्या नियमनात राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेचा आणि स्थानिक पालिकेचा संबंध येतो. संस्थेची नोंदणी आणि नूतनीकरणाचे कागद मागवून घ्यावेत आणि ते विक्रम संवतातील तारखांचे असतील हे लक्षात ठेवावे. नेपाळी कागदांवरचे वर्ष आपल्या इसवी सनापेक्षा सुमारे ५७ वर्षांनी पुढे असते.

कागदांपेक्षा संस्थाप्रमुखांशी दूरध्वनीवर झालेले संभाषण अधिक सांगून जाते. प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंदवही आहे का, त्याच्या कुटुंबाचा शोध घेतला जातो का, गेल्या वर्षी किती मुले घरी किंवा नातेवाइकांकडे परतली, मुलांना सांभाळणाऱ्या बायका किती आणि त्या किती वर्षांपासून आहेत, असे थेट प्रश्न विचारावेत. दशैं (दसरा) आणि तिहारच्या (दिवाळीच्या) सुट्टीत मुले कोठे जातात, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. नेपाळमध्ये दशैंला माणूस असेल तेथून घरी जातो. चांगली संस्था शक्य त्या प्रत्येक मुलाला त्या दिवसांत आपल्या माणसांकडे पाठवते, आणि पाहुणे येणार म्हणून मुलांना थांबवून ठेवणारी संस्था कशी आहे, ते वेगळे सांगायला नको. त्याच कारणाने पथकाची तारीख दशैं-तिहारच्या सुट्टीत कधीही ठरवू नये. आपल्याकडे दिवाळीच्या रजा मिळतात ही सोय आपली असते.

काही खुणा ओळखून तेथेच थांबावे. कोणीही, केव्हाही यावे आणि मुलांसोबत राहावे अशी मोकळीक. पाहुण्यांसमोर मुलांकडून नाच-गाणी करून घेण्याची प्रथा. मुलाची करुण कहाणी त्याच्याच देखत सांगणे. देणगी रोखीने किंवा प्रमुखांच्या वैयक्तिक खात्यावर मागणे. इमारत पडकी ठेवून मोटारगाडी मात्र नवी असणे. याउलट एखादी संस्था पथकातील प्रत्येकाचे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागत असेल, मुलांशी वागण्याची लेखी नियमावली पाठवत असेल, किंवा 'मुलांमध्ये राहू देणार नाही, पण पाण्याच्या टाकीचे काम आहे, ते कराल का?' असे विचारत असेल, तर ती संस्था तुमच्या योग्य आहे असे समजावे. नकार देणाऱ्या संस्थेचा राग येऊ देऊ नये.

तिसरी पायरी: कायद्याच्या चौकटीत राहा

पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये पगारी किंवा बिनपगारी कोणतेही काम करता येत नाही. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसाच लागत नसल्यामुळे हा मुद्दा दुर्लक्षिला जातो. परंतु आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या मराठी मंडळ्यांत परदेशी पारपत्र असलेले सभासद असतात आणि त्यांना तो थेट लागू होतो. परदेशी सेवाभावी संस्थांच्या कामावर तेथे समाज कल्याण परिषद देखरेख ठेवते. तेव्हा पथकाच्या कामासाठी कोणाची परवानगी लागेल हे संस्थेने संबंधित कार्यालयाला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. 'भारतीयांना काही लागत नाही' या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

धर्मांतराविषयीचा कायदा मात्र सर्वांसाठी सारखाच आहे आणि तो कडक आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील २६ व्या अनुच्छेदाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेच्या १५८ व्या कलमानुसार त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढले जाते. म्हणून बालगृहात सुवार्तेच्या पत्रिका वाटणे, भेटवस्तूंबरोबर पवित्र शास्त्राच्या प्रती देणे, मुलांकडून निर्णयाची प्रार्थना म्हणवून घेणे, आणि परत आल्यावर 'इतक्या मुलांनी प्रभूला स्वीकारले' असा अहवाल देणे, यांतले काहीही करू नये. पथक परत येते. मागे राहणाऱ्या स्थानिक पाळकांना आणि संस्थेला मात्र चौकशीला सामोरे जावे लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, जेवण, अंथरूण आणि शाळा ज्यांच्या हातून मिळते त्यांच्या पाहुण्यांना लहान मूल 'नाही' म्हणू शकत नाही, हे विसरता येत नाही. पथकाने आपली प्रार्थना आपल्या निवासस्थानी करावी आणि स्थानिक मंडळीच्या उपासनेला पाहुणे म्हणून जावे. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच भरते. वेळापत्रक आखताना हे ध्यानात घ्यावे.

तिसरी बाब सीमेची. भारत-नेपाळ सीमा खुली आहे आणि त्या वाटेने नेपाळी मुली मुंबईच्या वेश्यावस्तीत आणून विकल्या गेल्याचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेली माइती नेपाळ ही संस्था सीमेवरच्या नाक्यांवर अशा मुलींना अडवून परत पाठवण्याचे काम करते. म्हणून उपचार, शिक्षण, नाताळची सुट्टी, 'एकदा मुंबई दाखवू' यांपैकी कोणत्याही कारणासाठी एकाही मुलाला पथकाबरोबर सीमेपलीकडे आणू नये. संस्थाप्रमुखांनी आग्रह केला तरी नाही, आणि त्यांनी आग्रह केला तर त्या संस्थेविषयी पुन्हा विचार करावा.

चौथी पायरी: पथक लहान आणि कामाचे असावे

सहा ते आठ माणसे पुरेत. वीस जणांचे पथक नेले, की त्यांच्या चहा-जेवणाची आणि अंघोळीच्या पाण्याची व्यवस्था बालगृहालाच करावी लागते, आणि सेवेला आलेल्यांचीच सेवा होऊ लागते. निवड करताना हातात काय कसब आहे ते पाहावे: नळकाम, वायरिंग, सुतारकाम, शिवणकाम, हिशेब, परिचर्या. गोड गळ्याचे आणि गिटारवाले मंडळीत पुष्कळ असतात, एक पुरतो. पंचांचा भाचा आणि देणगीदाराची मुलगी यांच्या अर्जांसाठीही तोच नियम लावावा, आणि हे काम पाळकांनी एकट्याने न करता तिघांच्या समितीने करावे, म्हणजे नकाराचा वाईटपणा एकाच्या माथी येत नाही. अठरा वर्षांखालील कोणालाही नेऊ नये.

प्रत्येकाने पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणावे, यात पाळकही आले. शब्बाथशाळेत वीस वर्षे शिकवत आहेत, त्यांना काय विचारायचे, असा संकोच येथे बाळगू नये. लहान मुलांपर्यंत पोहोचू पाहणारी वाईट प्रवृत्तीची माणसे भल्या माणसांच्या अशाच संकोचाचा फायदा घेतात. वागणुकीची नियमावली मराठीत लिहून काढावी, मोठ्याने वाचावी आणि त्यावर प्रत्येकाची सही घ्यावी. पथकातील एका स्त्रीला आणि एका पुरुषाला बालसुरक्षेची जबाबदारी नावानिशी द्यावी, म्हणजे खटकणारी गोष्ट दिसली तर कोणाकडे जायचे याचा गोंधळ होत नाही.

पाचवी पायरी: काम त्यांना विचारून ठरवा

येथे बहुतेक पथकांचा उत्साह वाट चुकतो. दहा दिवसांत इंग्रजी शिकवू, व्यक्तिमत्त्व विकास घेऊ, भिंतींवर चित्रे काढू, अशा योजना इथेच बसून ठरतात. नेपाळचे शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या सुमारास सुरू होते आणि मुलांना त्यांचा अभ्यासक्रम असतो. दर महिन्याला नवे पथक येऊन 'ए फॉर ॲपल'पासून सुरुवात करत असेल तर मुलांचा वेळ जातो आणि त्यांच्या शिक्षकांचा अवमान होतो. भिंतींचे म्हणाल, तर वारंवार पाहुणे येणाऱ्या घराची भिंत पुन:पुन्हा रंगवली जाते आणि संडासाचा दरवाजा मात्र तसाच मोडका राहतो.

निघण्याच्या दोन महिने आधी संस्थेकडून कामांची यादी मागवावी आणि तीत त्यांनी न लिहिलेले काम आपण घुसवू नये. पाण्याची टाकी धुऊन तिला झाकण बसवणे, उघड्या तारा बदलणे, स्वयंपाकघरात धूर बाहेर जाण्याची सोय करणे, गाद्यांना धुता येतील असे अभ्रे शिवणे, मुलांच्या नोंदी आणि जमाखर्च नीट ठेवण्याची पद्धत कर्मचाऱ्यांना शिकवणे, ही कामे साधी वाटतात, पण ती पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडतात. जे काम स्थानिक गवंडी किंवा सुतार करू शकतो ते त्यालाच मजुरी देऊन करून घ्यावे आणि पथकाने त्याच्या हाताखाली राबावे. तो आपल्यापेक्षा चांगले काम करतो आणि पैसा गावात राहतो. दिवसभर मुलांमागे असणाऱ्या बायकांना आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा मिळावा म्हणून स्वयंपाक, भांडी आणि कपडे धुणे पथकाने अंगावर घेणे, हीसुद्धा उत्तम सेवा आहे. मात्र त्या दिवशी मुलांना झोपवणे, न्हाऊ-माखू घालणे ही कामे संस्थेच्या इतर कर्मचाऱ्यांकडेच राहिली पाहिजेत.

सर्वांत मोलाचे काम पथकाला बहुधा स्वतः करताच येत नाही, फक्त त्याला पैसा पुरवता येतो. मुलाच्या आई-वडिलांचा शोध घ्यायचा तर सामाजिक कार्यकर्त्याला डोंगरातल्या गावी जावे लागते. हुमला जिल्ह्याचे मुख्यालय सिमिकोट येथे जायचे तर सहसा नेपाळगंजहून लहान विमान पकडावे लागते आणि तेथून पुढे पायवाटा असतात. एक भेट पुरत नाही. मूल परत गेल्यावर ते शाळेत जाते ना, घरात दोन वेळचे अन्न आहे ना, हे पाहायला पुन्हा जावे लागते. अशा कामाचा फोटो चांगला येत नाही आणि म्हणून त्याला देणगीदार मिळत नाहीत. एखाद्या मंडळीने वर्षभर असा प्रवासखर्च उचलला, तर तिने पथक न पाठवताही पथकाहून अधिक केले, असे माझे मत आहे.

सहावी पायरी: पैसा आणि भेटवस्तू

भारतातील धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले तर त्यावरील आयकराच्या सवलतीला मर्यादा येतात आणि त्यासाठी आयकर खात्याच्या वरिष्ठ पातळीवरची मान्यता लागते. म्हणून मंडळीच्या खात्यातून पैसे पाठवण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. रक्कम बँकेमार्फत, संस्थेच्या नावावरच्या खात्यात जावी आणि पावती यावी. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम आहे, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. शंभर रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा नेण्याविषयीचे नियम मात्र बदलत आले असल्यामुळे ते निघताना पाहून घ्यावेत.

कोणत्याही मुलाला हातात पैसे, मोबाइल, कपडे किंवा खाऊ वेगळा देऊ नये. जे द्यायचे ते संस्थेच्या ताब्यात द्यावे आणि ते केव्हा, कोणाला द्यायचे हे तेथल्या माणसांना ठरवू द्यावे. मूल आपल्या माणसाच्या हातून नवा स्वेटर घेते, तेव्हा त्या माणसाची पत वाढते.

सातवी पायरी: प्रवास

पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रौढ भारतीयाला नेपाळमध्ये प्रवेशासाठी पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते; त्याला नुसते आधार कार्ड चालत नाही, आणि यामुळे अडलेले लोक सीमेवर नेहमी दिसतात. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी कुशीनगर एक्सप्रेस कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ मार्गे गोरखपूरला जाते. तेथून सीमेवरचे सोनौली सुमारे ९० किलोमीटर आहे. नाका पायी ओलांडून पलीकडे भैरहवा येथे पोखरा, चितवन आणि काठमांडूच्या बसगाड्या मिळतात. जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत दरडी कोसळून रस्ते तासन्‌तास बंद पडतात, म्हणून तो काळ टाळावा. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. विषमज्वर आणि कावीळ 'अ' यांच्या लशींविषयी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे, पाणी उकळलेले प्यावे, आणि ताप किंवा जुलाब असलेल्या सभासदाने बरे होईपर्यंत बालगृहात पाऊल ठेवू नये. राहण्याची सोय बालगृहाच्या बाहेर करावी, हे सांगणे न लगे.

आठवी पायरी: बालगृहातील दिवस

पहिल्या दिवशी संस्थेच्या माणसाने पथकाची ओळख करून द्यावी आणि पथक किती दिवस आहे, कोणत्या कामासाठी आले आहे व कोणत्या दिवशी जाणार आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. मुले मोठ्यांना 'दाइ' (दादा) आणि 'दिदी' (ताई) म्हणतील. आपण कर्मचाऱ्यांशी बोलताना 'तपाईं' (आदरार्थी 'आपण') वापरावे. हिंदी बहुतेकांना समजते, परंतु स्वयंपाकीण बाईंना हिंदीत हुकूम सोडणारा पाहुणा तेथे फार लवकर अप्रिय होतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भात-भाजीचे मुख्य जेवण होते आणि तेच सायंकाळी. त्या वेळा मोडू नयेत.

लहान मुले पहिल्याच तासात धावत येतील, हात धरतील, मांडीवर बसतील. पथकातील लोक याने विरघळतात. आपल्या घरचे तीन वर्षांचे मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या पदराआड लपते, आणि ते निरोगी लक्षण आहे. अनोळखी माणसाला तत्काळ बिलगणारे मूल पुष्कळदा असे असते की ज्याची माणसे वारंवार बदलली आहेत आणि ज्याने मिळेल तेथून माया उचलायला शिकून घेतले आहे. अशा वेळी मुलाला झिडकारू नये; हसून, दोन शब्द बोलून, त्याला त्याच्या सांभाळणाऱ्या बाईंकडे हळूच वळवावे. रडणाऱ्या मुलाला उचलायला त्या बाई येत असतील तर आपण बाजूला व्हावे. हा नियम पाळायला सर्वांत कठीण जातो, विशेषतः ज्यांची स्वतःची नातवंडे आहेत त्यांना.

एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहू नये. मुलांच्या झोपण्याच्या खोलीत, न्हाणीघराकडे पाहुण्याने जाऊ नये. 'तुझे आई-बाबा कुठे असतात?' हा प्रश्न विचारू नये. 'पुढच्या वर्षी येईन', 'तुला माझ्याकडे नेईन', 'तुझ्या शिक्षणाचा खर्च मी करीन' असे काहीही बोलू नये. फोन नंबर आणि समाजमाध्यमांवरची नावे यांची देवाणघेवाण करू नये. मुलांचे फोटो काढू नयेत. नेपाळच्या बालविषयक कायद्यानेही मुलांच्या खासगीपणाला संरक्षण दिले आहे, आणि काम झालेल्या टाकीचा फोटो अहवालाला पुरतो. एखादे मूल खोडकरपणा करत असेल तरी त्याला शिस्त लावणे आपले काम नाही. नेपाळने २०१८ मध्ये घरातही मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली आणि दक्षिण आशियात हे पाऊल प्रथम त्याच देशाने उचलले. 'आम्ही नाही का छड्या खाल्ल्या' हे मराठी तत्त्वज्ञान तेथे मांडू नये.

क्वचित एखादे मूल पाहुण्यालाच काही गंभीर गोष्ट सांगते, कारण पाहुणा जाणार असतो. शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून पथकातील बालसुरक्षा प्रतिनिधीकडे द्यावेत आणि त्यांनी ते संस्थेच्या संबंधित व्यक्तीला कळवावेत. संशय संस्थेतील वरिष्ठांवरच असेल तर त्यांच्याशी बोलत बसू नये. भारताप्रमाणे नेपाळमध्येही बालसाहाय्य क्रमांक १०९८ हाच आहे आणि पोलिसांचा १००. रात्रीच्या प्रार्थनेत असा विषय नावानिशी मांडणे हा गोपनीयतेचा भंग आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

नववी पायरी: निरोप आणि त्यानंतर

निरोपाचा मोठा कार्यक्रम करू नये. हार, भाषणे, रडारड आणि शेवटचे गाणे यांतून पथकाचे समाधान होते. मुलांसाठी तो आणखी एक विरह असतो. आदल्या दिवशी जेवणाच्या वेळी 'उद्या आम्ही जात आहोत, तुमच्या घरात राहू दिलेत, आभारी आहोत' एवढे सांगावे आणि ठरल्या वेळी निघावे. कर्मचाऱ्यांचे आभार मात्र प्रत्येकाला नावाने हाक मारून मानावेत.

परत आल्यावर मंडळीपुढे जो अहवाल ठेवायचा त्यात मुलांची नावे, चेहरे आणि कहाण्या नसाव्यात. झालेले काम, न झालेले काम आणि पैशाचा संपूर्ण हिशेब असावा. प्रवासावर किती खर्च झाला आणि बालगृहाच्या कामावर किती, हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. पहिला दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो, आणि तो लपवण्यापेक्षा सभासदांनी पाहिलेला बरा. याच बैठकीत आपल्या जिल्ह्यातील मुलांचा विषयही घ्यावा. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलाला दरमहा अनुदान मिळते, परंतु अर्जाचे कागद जमवता न आल्यामुळे कित्येक आज्या आणि विधवा त्यापासून दूर राहतात. नेपाळहून परतलेल्या सभासदांनी महिला मंडळाच्या मदतीने असे अर्ज भरून दिले, तर त्यांना पारपत्राचीही गरज पडणार नाही.

तीन महिन्यांनी संस्थेला दूरध्वनी करून केलेले काम टिकले का, ते विचारावे. पुढच्या वर्षी पथक हवे आहे की त्याच्या प्रवासखर्चाइतकी रक्कम सामाजिक कार्यकर्त्याच्या पगारासाठी हवी आहे, हा प्रश्नही त्यांना मोकळेपणाने विचारावा. भिडेपोटी ते 'या, या' म्हणतील, म्हणून उत्तर लगेच मागू नये. त्यांना आठवडाभर विचार करू द्यावा, आणि त्यांनी पगार निवडला तर पंचमंडळाच्या पुढच्या सभेत तसा ठराव करून पहिला हप्ता दशैंच्या आधी पोहोचेल अशा बेताने पाठवावा.